फक्कीचे आठ चौकोन

सकाळी कचेरीत पाऊल टाकलं की आवटेबाई आधी माझ्या टेबलाशी यायच्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट विचारायच्या, "अहो पेंडसे, बस येईल ना?"

बस यायची असायची तीन आठवड्यांनी.

"येईल की."

"आणि नाही आली तर?"

"दुसरी बोलावू."

"तीही नाही आली तर?"

इथवर आलं की मी चहा सांगायचो. चहा आला की त्या आधी स्वतःच्या कपात डोकावायच्या, मग माझ्या. माशी दोन्हींत नसायची. पण ती नाही याचाही त्यांना फारसा आनंद व्हायचा नाही. "आज नाही," एवढंच म्हणायच्या आणि चहा प्यायच्या.

आमची कंपनी सॉफ्टवेअरची. मी तिथे ऍडमिनमध्ये होतो, म्हणजे खुर्च्या, पंखे, गाड्या आणि तुंबलेली बेसिनं हे माझं खातं. बाकी सगळी पंचविशीतली पोरं, गळ्यात ओळखपत्र अडकवून अमेरिकेच्या घड्याळावर जागणारी. पन्नाशीला टेकलेले आम्ही दोघंच. त्यामुळे एकमेकांना 'अहो' म्हणणारेही आम्ही दोघंच. कंपनीत सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असा नियम होता. मालकांना 'रवी' म्हणायचं. बाई त्यांना 'रवीसाहेब' म्हणायच्या आणि नियम पाळल्याच्या समाधानात राहायच्या. त्यांना स्वतःला कुणी 'कुसुम' म्हणून हाक मारली, तर माहेरचं कोण आलं म्हणून त्या आधी दाराकडे बघायच्या.

उंच, सडसडीत, घट्ट अंबाडा, सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. खिडकीजवळ बसलेल्या मुलाला "वारा लागेल" आणि खिडकीपासून लांब बसलेल्याला "हवा खेळत नाही तुझ्याकडे" असं त्या एकाच फेरीत सांगायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'काळजीवाहू' ठेवलं होतं. दिल्लीत तेव्हा सरकारं पडत होती आणि हा शब्द रोज पेपरात असायचा. बाईंच्या कानावर ते गेलंच. त्या म्हणाल्या, "असू दे. कुणीतरी वाहायला हवी."

शतक बदलायच्या त्या डिसेंबरात मात्र त्यांना एकदम सोबत मिळाली. बारा वाजता संगणक बंद पडतील, विमानं खाली येतील, बँकेतले आकडे शून्यावर जातील, असं मोठमोठे लोक गंभीर चेहऱ्याने बोलत होते. अख्खं जग आवटेबाईंच्या पातळीवर आलं होतं. एक जानेवारीला काहीच झालं नाही, तेव्हा पोरांनी पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला आणि विचारलं, "पण लिफ्ट तपासली का?"

त्यांचं माहेर खडकीचं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. "भोंगा वेळेवर झाला तर आमच्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "अवेळी झाला की क्वार्टर्समधल्या सगळ्या बायका दारात. आईचे हात पिठाचे, तशीच उभी. वडील सायकलवरून वळणावर दिसले की मग आत जाऊन हात धुवायची." त्यांच्या वडिलांना कधीच काही झालं नाही. निवृत्त होऊन, नातवंडं खेळवून ते गेले. पण काही न होताही ते दारात उभं राहणं माणसाच्या अंगात मुरत असावं, असं मला वाटतं.

त्या वस्तीतच त्या खो-खो शिकल्या आणि राज्याकडून खेळल्या. पुढे शनिवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई झाल्या, आणि सासरही पेठेतलंच मिळालं. यजमान बँकेत. अत्यंत शांत गृहस्थ. मी एकदा घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "हिला काळजी नसली की मला काळजी वाटते हो."

कंपनीत त्यांना आणलं ते पोरांच्या पाठी आणि माना दुखायला लागल्या म्हणून. व्यायाम, स्पर्धा, सहली हे त्यांचं काम. मग परदेशातले ग्राहक करार करताना विचारू लागले की तुम्ही पर्यावरणासाठी काय करता, समाजासाठी काय करता. रवीने इकडेतिकडे पाहिलं. सगळे कामात होते. "कुसुम, हेही तूच बघ ना," तो म्हणाला. अशा रीतीने खेळ, पर्यावरण आणि समाज हे तिन्ही विषय झेरॉक्स मशीनशेजारच्या एका टेबलावर आले. इतरांना ती तीन कामं वाटायची. बाईंना ते एकच वाटायचं. "मैदानावर धूळ उडाली तर खोकला कुणाला येतो? खेळणाऱ्याला. पाणी खराब असलं तर पोट कुणाचं बिघडतं? मग हे खेळाच्या बाईने नाही बघायचं तर कुणी?" हे त्या वाद घालायच्या सुरात म्हणत नसत. घरातला गॅस बंद केला का, हे विचारावं तसं म्हणत.

कंपनीची दरवर्षी एक दौड असायची. पहिल्या वर्षी धावणाऱ्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पाणी दिलं. दातांनी टोक तोडायचं, दोन घोट प्यायचे, पिशवी फेकायची. दौड संपली तेव्हा शंकरशेट रस्ता पांढरा झाला होता. बक्षीस समारंभ सोडून बाई दुपारपर्यंत पिशव्या वेचत होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी ठरवलं, पिशवी नाही. वाटेतल्या गणपती मंडळांना सांगून पाण्याची पिंपं ठेवायची, स्टीलचे पेले ठेवायचे. महिनाभर त्यांना झोप नव्हती. पाणी उकळलेलं असेल ना? पिंपाला झाकण असेल ना? पेले पुरतील ना? पावसाची भीती होती, उन्हाची होती, कुत्र्यांचीही होती.

दौड सुरू झाली आणि पहिल्याच चौकात सगळ्यात पुढचा मुलगा पेला उचलून पिता पिता पळाला. त्याच्यामागून पिंप आलं. मंडळाच्या पोरांनी पेले पिंपाच्या नळाला साखळीने बांधले होते. पाणपोईचा पेला साखळीलाच असतो. उघडा कोण ठेवतो? त्यांच्या दृष्टीने त्यांनी चोख काम केलं होतं. पुढे सगळ्या चौकांत तसंच. धावणारी पोरं रांग लावून, एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत पाणी पीत होती. त्या वर्षीची दौड इतकी रेंगाळली की शेवटचे लोक चालणारे आहेत असं समजून पोलिसांनी रस्ता उघडला. पण रस्त्यावर एक कागदसुद्धा नव्हता.

मी हसत होतो. बाई हसल्या नाहीत. "सगळ्याचा विचार केला होता मी," त्या म्हणाल्या, "साखळीचा नाही केला." मला तेव्हाच ध्यानात आलं, आवटेबाईंची काळजी सगळीकडे पोचते, फक्त व्हायचं असतं त्या जागी पोचत नाही. मैदानाच्या बाबतीत हेच झालं.

हे मैदान बिबवेवाडीत, महापालिकेच्या एका शाळेमागे. मैदान म्हणजे तेव्हा राडारोड्याचा ढीगच. कंपनीने ते 'दत्तक' घेतलं, म्हणजे बाईंनी घेतलं. ढीग उचलून घेतला, माती चाळून टाकली, रोलर फिरवला, दोन लाकडी खांब रोवले आणि आसपासच्या मुलींना संध्याकाळी खो-खो शिकवू लागल्या. मुली बहुतेक यवतमाळ-अमरावतीकडून पोटासाठी आलेल्या घरांतल्या. कुणाचे वडील कारखान्यात, कुणाचे सोसायटीचे वॉचमन. घरात पाय पसरायला जागा नाही आणि रस्त्यावर रिक्षा. पाच-साडेपाच ते अंधार पडेपर्यंत ती माती त्यांची असायची. आईबाप मुलींना इथे सोडायचे, कारण बाई प्रत्येकीला तिच्या दारापर्यंत पोचवायच्या आणि आतून कडी लावल्याचा आवाज ऐकूनच निघायच्या.

मैदानावर पाणी मारल्याशिवाय धूळ बसत नाही. वस्तीला नळ एक दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर. बाईंचा नियम असा की पिण्याचं पाणी मैदानाला घालायचं नाही. प्रत्येक मुलीने येताना तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी डबाभर आणायचं. ते ओतलं की हजेरी लागली. एकदा होळीला एकीने पुरणाच्या डाळीचा कट आणला. बाईंनी तिला तशीच परत पिटाळली. "याची आमटी होते, आईला सांग. मैदानाला कसला कट?"

या मुलींत वैशाली नावाची एक होती. काटकुळी, तेलकट दोन वेण्या, आणि वाऱ्यासारखी पळायची. महिनाअखेरीस जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि वैशालीसकट तिघीचौघींची निवड होईल असं बाईंना वाटत होतं. वाटत होतं म्हणजे काय, त्यांची झोप उडाली होती.

अशातच जूनमध्ये पर्यावरण दिन आला. कंपनीचे परदेशी ग्राहक पुण्यात होते, पीटर नावाचे एक मोठे गृहस्थ. रवीने ठरवलं, पाहुण्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हस्ते मैदानावर बारा झाडं लावायची, प्रत्येक झाडाला लावणाऱ्याच्या नावाची पाटी. जागा ठरली कुंपणाच्या भिंतीलगत. रोपवाटिकेचा माणूस म्हणाला, सकाळी लवकर येऊन खड्डे आम्हीच घेतो, तुम्ही पाहुण्यांचं बघा. बाई पहाटेच मैदानावर जाणार होत्या. पण पाहुण्यांची बस बिबवेवाडीच्या गल्ल्यांत चुकेल, या काळजीने त्या कंपनीत आल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या.

आम्ही पोचलो. सनई लावली होती, मुली गणवेशात रांगेत उभ्या होत्या. बाई बसच्या पायरीवरून उतरल्या आणि तिथेच थांबल्या.

खो-खोच्या मैदानात दोन खांबांच्या मध्ये एक सरळ पट्टी असते आणि तिच्यावर आठ चौकोन. त्यात आठ खेळाडू एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात. आदल्या संध्याकाळी मुलींनी फक्की टाकून ती पट्टी आणि ते चौकोन ठळक आखले होते. सकाळी रोपवाटिकेची माणसं पहारी घेऊन आली. त्यांना दिसले एका ओळीत, सारख्या अंतरावर, फक्कीने आखलेले आठ चौकोन. झाडाच्या खड्ड्याची खूणही फक्कीनेच करतात. त्यांनी आठही चौकोन खणून काढले होते, आणि सुरेख खणले होते, कडा तासलेल्या, माती एका बाजूला.

"मॅडम, झाडं बारा सांगितली होती, पण खुणा आठच होत्या," तो माणूस अदबीने म्हणाला. "चार आम्ही आमच्या मनाने भिंतीकडे घेतले."

पीटरसाहेबांनी बाह्या सरसावल्या होत्या. कॅमेरे तयार होते. बाईंनी पाहुण्यांच्या हातात बकुळीचं रोप दिलं, रवीसाहेबांच्या हातात कडुनिंबाचं. मी शेजारी बादली घेऊन उभा होतो. टाळ्या वाजल्या. वैशाली रांगेतून हळूच पुढे आली आणि तिने बाईंच्या पदराला धरून विचारलं, "बाई, आता आम्ही बसाचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी बाई रवीच्या केबिनमध्ये गेल्या. मला त्यांनी सोबत नेलं. का, तर म्हणाल्या, "मला चक्कर आली तर?"

रवी वाईट माणूस नव्हता. घाईत असायचा इतकंच. "कुसुम, टेक इट ईझी," तो म्हणाला. "फोटो गेलेसुद्धा. पीटर इज सो हॅपी. मुलींना शेजारी कुठेतरी खेळव ना."

"शेजारी जागा नाही साहेब. आहे ती एवढीच."

"मग वेगळा गेम घे. तसंही पुढच्या वर्षी तिथे लॉन करायचा माझा विचार आहे. एकदम ग्रीन."

"लॉनवर खो-खो होत नाही. मातीच लागते."

"बॅडमिंटन होईल."

"आणि लॉनला पाणी?"

"टँकर मागवू. ऍडमिन बघेल."

"त्या वस्तीत प्यायला टँकर येतो, साहेब."

मी पंख्याकडे बघत होतो, तो माझ्या खात्यातला होता. बाईंच्या कपाळावर घाम होता. आयुष्यात मोठ्या माणसाला उलट बोलल्या नसाव्यात. पण त्या बोलल्या. "झाडं हलवता येतात. मैदान हलत नाही. मी आठही झाडं भिंतीशी हलवते."

"आणि एखादं मेलं तर? पाटीवर नावं आहेत लोकांची. पीटर पुढच्या वर्षी येणार आहे, त्याचं झाड बघायला."

"मेलं तर मेलं म्हणून सांगेन."

रवीने पेन खाली ठेवलं. "ओके. युअर कॉल. पण मग ते मैदान कंपनीने ठेवायचं की नाही, ते तेव्हा बघू."

बाहेर आल्यावर त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "पेंडसे, हे 'बघू' म्हणाले ते ऐकलंत ना?" पुण्यात वाढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

झाडं त्याच संध्याकाळी हलवली. मुलींनी आणि त्यांच्या आयांनी मातीच्या गड्ड्यासकट एकेक रोप गोणपाटात धरून भिंतीशी नेलं. खड्डे बुजवले, माती ठोकली, पुन्हा फक्की टाकली. निवड चाचणी झाली आणि वैशाली व आणखी दोघी निवडल्या गेल्या. बाईंनी मला फोनवर ही बातमी दिली आणि त्याच श्वासात म्हणाल्या, "पण बकुळ मान टाकतेय हो."

मग वर्षभर बकुळ. सकाळी त्या शनिवार पेठेतून मोपेडवर बिबवेवाडीला जायच्या, झाडं बघायच्या आणि मग कंपनीत यायच्या. मुलींनी आणलेलं डब्यातलं पाणी आता अर्धं मैदानाला, अर्धं झाडांना. अकरा झाडांनी तग धरला. बकुळीला पालवी फुटली की मला पेढा मिळायचा, पान पिवळं पडलं की चहासुद्धा नको व्हायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, झाडच आहे ते." त्या म्हणाल्या, "झाड नाही हो, मैदान आहे ते. ते वाळलं की हे गेलं." थंडीत पानं गळाली. उन्हाळ्यात खोडाला नखाने खरवडून बघितलं तर आत हिरवं काही नव्हतं.

पीटरसाहेब यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी मार्केटिंगमधला एक चुणचुणीत मुलगा माझ्याकडे आला. "रोपवाटिकेत गाडी पाठवा. सेम उंचीची बकुळ आणून पाटीखाली लावून टाकू. कोणाला कळणार आहे?" खरं तर मलाही ते बरं वाटलं. एका झाडाच्या जागी एक झाड, कुणाचं काय गेलं? मी गाडी सांगितली. अर्ध्या तासात बाई आल्या. "गाडी परत बोलवा."

"अहो, मैदान जाईल तुमचं. तुम्हीच म्हणत होतात."

"जाईल," त्या म्हणाल्या. "पण त्या मुली बघतील ना मला झाड बदलताना."

दुसऱ्या दिवशी पीटरसाहेब भिंतीशी पाट्या वाचत वाचत आले आणि आपल्या नावाच्या पाटीपाशी थांबले. तिथे नुसती आळ्यातली माती होती. रवी काहीतरी बोलायला पुढे झाला, त्याआधी बाई बोलल्या. शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. "सर, युवर ट्री इज डेड. आय शिफ्टेड इट. इट वॉज इन द राँग प्लेस."

"राँग प्लेस?"

बाईंनी मुलींना बसायला सांगितलं. आठ जणी आठ चौकोनांत बसल्या. बकुळ आधी लावली होती त्या तिसऱ्या चौकोनातल्या वैशालीकडे बाईंनी बोट दाखवलं. "हर प्लेस, सर."

मग मुली खेळल्या, आणि पीटरसाहेब उन्हात उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. जाताना त्यांनी बाईंशी हात मिळवला. माझ्या आठवणीप्रमाणे ते "थँक यू" म्हणाले, दुसरं काही नाही.

पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. अमेरिकेत मंदी आली. आमच्याकडे आधी बिस्किटं बंद झाली, मग दौड, मग झेरॉक्स मशीनशेजारचं ते टेबल. मैदान महापालिकेला परत गेलं. मी बाईंना दहा वेळा सांगितलं की हे मंदीमुळे झालं, सगळीकडे असंच चाललंय. त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "बकुळ जगली असती तर कदाचित ठेवलं असतं." ही रुखरुख त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि मला त्यांचा राग यायचा. इतकं खरं वागून वर स्वतःलाच दोष द्यायचा, हे मला बघवायचं नाही.

नोकरी गेल्यावर त्या मोकळ्या झाल्या, म्हणजे रोज मैदानावर जाऊ लागल्या. यजमान गेले, तेव्हा तेवढे तेरा दिवस वैशालीने मैदान सांभाळलं. वस्ती वाढली, माणशी गाडी झाली, आणि शाळेमागच्या त्या जागेवर वाहनतळ करावा अशी मागणी आली. महापालिकेतला एक जुना कारकून, त्याची मुलगी बाईंच्या हाताखालची, त्याने बाईंना सांगून ठेवलं, "बाई, जागा वापरात दिसली तर अहवालात तसं लिहावं लागतं. एकदा का रिकामी दिसली, की संपलं." झालं. त्या दिवसापासून बाईंनी एकही संध्याकाळ मैदान रिकामं ठेवलं नाही. गणपतीत नाही, परीक्षेत नाही. दुपारी चार वाजल्यापासून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आज किती जणी येतील? पट्टी भरेल ना?

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीत. दुपारी फोन आला. "अहो पेंडसे, आज मोकळे आहात ना? पाहणीला माणूस येतोय. आणि मुली सगळ्या गावी गेल्यात."

मी निवृत्त झालेला, रक्तदाबाची गोळी खाणारा माणूस. तरी रिक्षा केली. मैदानावर पोचलो तर तीन लहान मुली पळायला तयार उभ्या होत्या आणि पट्टीवर फक्कीच्या चौकोनांत बसली होती वैशाली, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र तसंच, रात्रपाळीला जायच्या तयारीत. तिच्या मागच्या चौकोनात तिची आई, पदर खोचून. पुढे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, शाळेचा शिपाई, दोन शेजारणी आणि एक कॉलेजातली मुलगी. आणि खांबाशी बाई, सत्तरीच्या उंबरठ्यावर, साडी वर खोचलेली, पायात ते बूट.

"उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "बूट काढा. एक कमी आहे."

"बाई, माझे गुडघे."

"माझेही आहेत. बसा."

मी बसलो, फाटकाकडे तोंड करून. उकिडवं बसताना दोन्ही गुडघे बोलले. खेळ सुरू झाला. खो-खोत बसलेल्याने मागे वळून बघायचं नसतं, त्यामुळे माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला नुसतं ऐकू येत होतं. पोरींचे पाय, इस्त्रीवाल्याचं धापा टाकणं, वैशालीच्या आईचं हसू. आणि समोर फाटकाशी पालिकेची जीप येऊन थांबली. एक माणूस उतरला, हातात फाईल. तो गजांतून आत बघू लागला. इतकी वर्षं ज्यांची थट्टा केली त्यांची ती भीती आता माझ्याकडे आली होती आणि मला उठताही येत नव्हतं.

पाठीवर थाप पडली. "खो," बाई म्हणाल्या.

मी उठलो, चार पावलं पळालो, आणि खांबाला हात टेकून उभा राहिलो. दम संपला होता. वळून पाहिलं. खो देणाऱ्याने उठलेल्याच्या जागी बसायचं असतं. बाई माझ्या चौकोनात बसल्या होत्या, ताठ, फाटकाकडे तोंड करून. त्या माणसाकडे सरळ बघत होत्या. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, जीपमध्ये बसला. जीप वळली आणि गेली. त्याने काय लिहिलं ते आम्हाला पुढच्या महिन्यात कळलं: 'जागा वापरात.' मैदान राहिलं. पण तेव्हा आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

धुरळा बसला तरी बाई उठल्या नाहीत. नजर फाटकावरच होती. मागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं, आणि खो द्यायची पाळी माझी होती.